एका सामन्याचे धनी

2018 साली मुलीकडे कॅनडात, मिसिसागाला गेलो होतो. एका शनिवारी रात्री जावईबापूंनी बर्फावरची हॉकी दाखवायला टीव्हीसमोर बसवलं. चेंडूऐवजी रबरी चकती, आणि खेळाडू एकमेकांवर असे आदळतात की दादर स्टेशनचा जिना बरा! मध्यंतरात भडक कोट घातलेले एक म्हातारे गृहस्थ तावातावाने बोलत होते.

“हे डॉन चेरी,” जावईबापू म्हणाले. “स्वतः मात्र मोठ्या लीगमध्ये एकच सामना खेळले.”

त्या ‘एकच’ने मला पकडलं. बँकेत प्रमोशनच्या मुलाखतीला मी तीनदा जाऊन तीनदा परत आलेला माणूस. परतल्यावर त्याच टेबलावर तीच लेजरं ओढायची, आणि शेजाऱ्याने आणलेले पेढे खायचे!

चेरी बचावपटू. 1955 साली बोस्टनकडून मॉन्ट्रियलविरुद्ध एक सामना खेळले. पुढे बेसबॉल खेळताना खांदा दुखावला, असं ते सांगत. पण जागांचा हिशेबही पाहा. त्या काळी एनएचएलमध्ये संघच सहा, आणि प्रत्येकात बचावपटूंच्या जागा जेमतेम पाच-सहा. 1967 मध्ये संघ बारा झाले, तोवर चेरी तेहतीस वर्षांचे!

दुय्यम लीगमध्ये ते सोळा हंगाम खेळले. हर्शी, स्प्रिंगफिल्ड, रोचेस्टर. स्प्रिंगफिल्डचे मालक एडी शोअर म्हणजे अर्क. मर्जीतून उतरलेल्या खेळाडूंना ते स्टेडियममधल्या खुर्च्या रंगवायला लावत, दिवे बदलायला लावत. तरीही त्या लीगचा काल्डर चषक चेरींच्या संघांनी चारदा जिंकला. खेळ थांबल्यावर काही काळ त्यांनी बांधकामावर मजुरी केली, मोटारी विकल्या.

या सोळा वर्षांना लोक ‘वाया गेलेली’ म्हणतात. मला ते साफ नामंजूर आहे. 1974 मध्ये हेच गृहस्थ बोस्टनचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या संघाला लोक डबा घेऊन कामावर जाणाऱ्यांचा संघ म्हणत. 1977-78 च्या हंगामात त्यातल्या अकरा जणांनी प्रत्येकी वीस किंवा अधिक गोल केले. तो विक्रम ठरला. एका हिऱ्यावर संघ उभा करायचा मोह त्यांना झाला नाही, कारण बाकावर बसलेल्याच्या पोटात काय होतं हे त्यांना ठाऊक होतं. हे शिक्षण शिखरावर मिळत नाही. (आमच्या बँकेतही चांगले मॅनेजर बहुधा उशिरा बढती मिळालेलेच असत. हे मी पूर्वग्रहाने म्हणतो, हे मान्य!)

पण एक सल राहिला. नोव्हेंबर 2019 मध्ये, युद्धातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ छातीवर लाल पॉपीचं फूल लावायचं असतं त्या दिवसांत, बाहेरून आलेले लोक ते लावत नाहीत असं चेरी टीव्हीवर बोलले. नाव घेतलं ते मिसिसागाचंही. दोनच दिवसांत त्यांची नोकरी गेली. बाकावरच्या माणसाला ओळखणारा हा माणूस शेजारच्या घरात डोकावायला कसा विसरला?

मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, “बाबा, हे तर आठवडाभर फूल लावूनच ऑफिसला जातायत.”