सज्ज्याला सूट, हातगाडीला नोटीस का?

1901 साली बाल भीमराव भावंडांसह वडील रामजींना भेटण्यासाठी मसूर स्थानकावर उतरले. रामजी आपल्याच खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. जात कळताच गाडीवानाने गाडी हाकण्यास नकार दिला. वाटेत पाणीही मिळाले नाही. पुढे याच बाबासाहेबांनी ज्या संविधानाचा मसुदा घडविला, त्याच्या अनुच्छेद 15 मध्ये विहिरी-तलावांच्या जोडीला रस्तेही आले. रस्ता सर्वांचा, ही आमच्यासाठी हक्काची बाब आहे.

म्हणून वडूजसारख्या तालुक्याच्या गावी अतिक्रमणाचा विषय निघाला की आम्ही विचारतो, माप कोणाकोणाचे घेणार? 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाचा अंमल रस्त्यावर आलेल्या ओट्यावर, जिन्यावर आहे, तसाच वरच्या मजल्याच्या सज्ज्यावरही आहे. सज्जा डोक्यावर असला तरी त्याखालची जागा जनतेचीच. भाजीच्या हातगाडीला मात्र 2014 च्या पथविक्रेता कायद्याचे संरक्षण आहे. सर्वेक्षण होऊन सर्व विक्रेत्यांना प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हटविता येत नाही. मग गरिबाची गाडी आधी का दिसते?

नगरपंचायतीने आधी मोजणी करावी, यादी फलकावर लावावी आणि मगच नोटिसा काढाव्यात. बांधवांनी ही यादी माहिती अधिकारात मागावी. तिच्यात आपल्यापैकी कोणाचा ओटा निघाला, तर तो आपणच मागे घ्यावा. समान कायदा मागणाऱ्याने स्वतःसाठी सवलत मागू नये.