तिकिटावरचे साडेसहा तास

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या वस्तीतल्या एक मावशी लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघाल्या. जन्मातला पहिला विमानप्रवास. दोन दिवस आधी तिकीट घेऊन त्या आमच्याकडे आल्या. "भाऊ, मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमान आहे. रात्री २ ला निघतं, सकाळी साडेआठला पोचतं. साडेसहा तासच ना? शुगरच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकल्यात. उतरल्यावर घेईन."

वाचकहो, आम्हीच घाबरलो. तिकिटावर निघण्याची वेळ मुंबईच्या घड्याळाची असते आणि पोचण्याची न्यूयॉर्कच्या घड्याळाची. तिथले घड्याळ उन्हाळ्यात आपल्यामागे साडेनऊ तास असते, हिवाळ्यात साडेदहा. (मार्च आणि नोव्हेंबरात ते लोक घड्याळाचे काटे सरकवतात.) तिथे सकाळचे साडेआठ, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे ६. म्हणजे प्रवास १६ तासांचा! आदल्या रात्री ८ ला घेतलेल्या गोळीनंतर मावशींची पुढची गोळी २२ तासांनी पोटात गेली असती. तीही बॅग हाती आली तर.

मावशींचा धाकटा कॉलेजात आहे. त्याने परतीचे तिकीट पुढे केले. सप्टेंबरात न्यूयॉर्कहून सकाळी साडेअकराला निघणे, मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला पोचणे. "जाताना साडेसहा तास आणि येताना २४?" तो हसत होता. आम्ही कारकून माणूस, बेरीज केल्याशिवाय राहवत नाही. साडेसहा अधिक २४ म्हणजे साडेतीस, निम्मे केले की सव्वापंधरा. जाताना घड्याळ जितके खाते तितकेच येताना परत देते, म्हणून दोन्हींची बेरीज खरी निघते. एका खेपेला सरासरी सव्वापंधरा तास. मात्र जाण्या-येण्याच्या मध्ये तिकडचे काटे सरकले तर हा हिशेब चुकतो.

खरे आकडे जाताना १६ आणि येताना साडेचौदा. अंतर एकच, मग हा दीड तास कुठला? सुमारे १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, कधी ताशी २०० किलोमीटरच्याही वर. जाताना तो तोंडावर येतो, येताना पाठीशी असतो.

अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून ते कळत नाही. धाकट्याला आम्ही चेंडू आणि दोरा आणायला लावला. दोरा ताणला की तो सरळ पश्चिमेला न जाता उत्तरेकडे चढतो, रशिया, स्कँडिनेव्हियाच्या बाजूने जाऊन अटलांटिक ओलांडतो. तीच जवळची वाट. प्रत्यक्षात वळसे पडतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या कितीतरी विमानांचा प्रवास लांबला.

दुबईला विमान बदलून जाणाऱ्यांना वाटते, केवढा फेरा! मुंबई-दुबई सुमारे १,९३० आणि पुढे न्यूयॉर्क सुमारे ११,००० किलोमीटर. अंतर फार वाढत नाही. वेळ जातो तो मधल्या बाकड्यावर. तो तिकिटावर वेगळा पाहून घ्यावा.

असो. त्याच संध्याकाळी मावशींना त्यांच्या डॉक्टरांकडे नेले. निघाल्यापासून किती तासांनी कोणती गोळी, ती कशाबरोबर, हे त्यांनी लिहून दिले. प्रिस्क्रिप्शन, गोळ्या आणि बिस्किटांचा पुडा हातातल्या पिशवीत गेला. तासा-दोन तासांनी उठून चार पावले चालायचे, पाय सुजू द्यायचे नाहीत, हेही बजावले. मनगटावरचे घड्याळ मावशींनी मुंबईच्या वेळेवरच ठेवले, गोळ्यांसाठी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातपासून धाकटा फोन हातात घेऊन आमच्या दारात बसला होता. आठला दहा कमी असताना फोन वाजला. मावशींचा पहिला प्रश्न, "भाऊ, इथं तर सकाळ आहे. रात्रीची गोळी आता घेऊ ना?"