संसार राखणें म्हणजे काय?

मराठी ख्रिस्ती मंडळींतील स्त्रीसंघ म्हणजे प्रार्थनेसाठीं चार बायकांनीं जमण्याचें ठिकाण, अशी आपल्या पांढरपेशा व व्यापारी वर्गाची समजूत आहे. ती अपुरी आहे. गिरगांवच्या आंब्रोली चर्चसारख्या जुन्या मंडळ्या आज ज्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियांत मोडतात, तिची स्थापना 1970 सालीं झाली व तिच्यांत स्त्रियांचा स्वतंत्र संघ आहे. आजाऱ्याची विचारपूस, बाळंतिणीस हातभार, मुलांचें वळण, नवराबायकोची समजूत घालणें, हीं कामें अशा संघांकडे सहजच येतात.

ह्यांत धर्मप्रसाराचा डाव आहे, असें म्हणणारांस आम्ही एक जुनी गोष्ट सांगतों. ह्याच गिरगांव चौपाटीनजीक 11 मार्च 1889 रोजीं पंडिता रमाबाईंनीं शारदासदन उघडलें. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई ही 1893 सालीं धोंडो केशव कर्वे ह्यांची पत्नी झाली, व 1896 सालीं कर्व्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढिला. सदन पुण्यास गेल्यावर धर्मांतराच्या शंकेनें केवढें वादळ उठलें! परंतु त्या विधवांकरितां आम्ही हिंदूंनीं तोंवर काय केलें होतें, ह्या प्रश्नास कोणाजवळ उत्तर नव्हतें.

तथापि संघांतील भगिनींसही आमचें सांगणें आहे. संसार राखणें म्हणजे बाईनें निमूट सोसणें नव्हे. इंग्लंडांत 1876 सालीं मेरी सम्नर ह्यांनीं काढिलेल्या मदर्स युनियनचें ब्रीद कुटुंबाची पाठराखण हेंच; पण घटस्फोट घेतलेल्या स्त्रीस तिचें दार सुमारें शंभर वर्षें बंद होतें. आपल्याकडील 1869 चा कायदा तर उघड पक्षपाती होता. ख्रिस्ती नवऱ्यानें बायकोचा व्यभिचार शाबीत केला कीं काडीमोड मिळे. बायकोस मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरपणा किंवा दोन वर्षांचा परित्याग असें आणखी कांहीं शाबीत करावें लागे. नुसता मार खाणाऱ्या स्त्रीस सुटका नव्हती. 1997 सालीं मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठानें हा भेद घटनाबाह्य ठरविला, व 2001 सालीं पार्लमेंटानें उभयतांस समान हक्क दिले. एवढ्या न्यायास एकशें बत्तीस वर्षें लागलीं!

पण कायदा पुस्तकांत असून भागत नाहीं. परळ-लालबागच्या चाळींत भिंतीपलीकडची मारहाण शेजारणीस आधीं ऐकूं येते, पोलिसांस मागाहून. म्हणूनच शेजारणींच्या संघाचें मोल मोठें. संघाच्या बैठकींत महिन्यांतून एकदां वकील बाईस बसवावें. राहत्या घरांतून हुसकून न दिलें जाण्याचा हक्क 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानें सर्व धर्मांच्या स्त्रियांस दिला आहे, हें प्रत्येकीस समजलें पाहिजे. प्रार्थनेनें धीर येतो, कायद्यानें आधार मिळतो. पीडित स्त्रीस दोन्ही हवीं असतात.

आणि वाचकहो, हें काम एकट्या ख्रिस्ती भगिनींनींच कां करावें? आमच्या हळदीकुंकवास जमणाऱ्या बायका संख्येनें कितीतरी अधिक आहेत.