खो-खो छताखाली गेला. आपल्या मुलांचे काय?

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी बंदिस्त क्रीडा संकुलात पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ५४-३६ असे हरवले. महिलांनीही नेपाळवरच ७८-४० असा मोठा विजय मिळवला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आपल्या भागातही त्या आठवड्यात समाजमाध्यमांवर अभिनंदनाचे संदेश भरभरून फिरले.

त्यानंतर घडलेल्या गोष्टीची चर्चा मात्र कमी झाली. विजयी संघांत कर्नाटकाचेही दोन खेळाडू होते: पुरुषांत एम. के. गौतम आणि महिलांत बी. चैत्रा. कर्नाटक सरकारने दोघांना प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले आणि दोघांनीही ते नम्रपणे नाकारले. महाराष्ट्राने आपल्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये आणि सरकारी नोकरी देऊ केली आहे, आम्हीही त्याच संघातून खेळलो, मग एवढा फरक का, असा त्यांचा सवाल होता.

काकतीसारख्या गावाला हा सवाल परका नाही. आपल्या घरांतील मराठी बोलणारी मुले शाळेत खो-खो खेळतात, महाराष्ट्रातील सामने मोबाईलवर पाहतात आणि स्पर्धेला मात्र कर्नाटकाच्या जर्सीत उतरतात. बेळगाव तालुका, मग जिल्हा, मग राज्य, अशी त्यांची शिडी आहे. त्यामुळे खो-खोत सध्या जे बदल होत आहेत ते पालकांनी नीट समजून घेतले पाहिजेत.

या बदलांची सुरुवात विश्वचषकाच्या आधी, एका व्यावसायिक लीगपासून झाली. डाबर उद्योगसमूहातील अमित बर्मन यांनी भारतीय खो-खो महासंघाच्या सहकार्याने अल्टिमेट खो-खो ही लीग उभी केली. पहिला हंगाम १४ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर २०२२ या काळात पुण्यात, बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात झाला. चेन्नई, गुजरात, मुंबई, ओडिशा, राजस्थान आणि तेलुगू असे सहा संघ होते. अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाज संघाला ४६-४५ अशा एका गुणाने हरवून १ कोटीचे बक्षीस जिंकले. दुसरा हंगाम डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ मध्ये कटकला झाला आणि तो गुजरात जायंट्सने जिंकला.

या सहा नावांत कर्नाटकाचा एकही संघ नाही. महाराष्ट्राच्या वाट्याला फक्त मुंबई आली. पुणे, सांगली, धाराशिव, ठाणे या खो-खोच्या खऱ्या बालेकिल्ल्यांपैकी एकाच्याही नावाचा संघ नाही. पहिला विजेता ठरलेला ओडिशाचा संघ तर तिथल्या राज्य सरकारनेच उभा केलेला होता. खेळाची परंपरा एका ठिकाणी आणि पैसा दुसऱ्या ठिकाणी, हे लीगचे पहिले वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

आता नियमांकडे येऊ. खो-खोला शिस्त लावण्याचे काम विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात सुरू झाले. १९३५ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांचे पुस्तक काढले. आपण शाळेत जो खेळ खेळलो तो याच परंपरेतला. संघ बारा जणांचा, मैदानात नऊ. आठ जण पाटीवर आळीपाळीने उलट्या दिशांना तोंड करून बसलेले आणि नववा पळणारा. एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत तीच धरायची, मधली पाटी ओलांडायची नाही, ओलांडायची असेल तर बसलेल्या गड्याला खो द्यायचा. तीन-तीन बचावपटूंच्या तुकड्या आत येणार, नऊ मिनिटांची पाळी आणि बाद केलेल्या प्रत्येक गड्यामागे एक गुण.

लीगने हा खेळ छताखाली, मॅटवर नेला आणि दूरचित्रवाणीच्या मापात बसवला. मैदानात नऊऐवजी सात जण उतरतात. पाळी सात मिनिटांची. एकूण चार पाळ्या, म्हणजे अठ्ठावीस मिनिटांचा प्रत्यक्ष खेळ. मैदानाची लांबीही कमी झाली. एक गडी बाद केला की दोन गुण, आणि आकाशीय सूर मारून किंवा खांबावर सूर मारून बाद केला तर तीन. आक्रमणात एक ‘वझीर’ असतो. त्याला दिशेचे बंधन नाही, तो मधल्या पाटीतूनही पार जाऊ शकतो. ‘पॉवरप्ले’ घेतला की काही वेळ दोन वझीर पळतात. बचाव करणाऱ्या तुकडीने ठरावीक वेळ तग धरला तर तिलाही गुण मिळतात, याला ‘ड्रीम रन’ म्हणतात.

यातला प्रत्येक बदल विचारपूर्वक केलेला आहे. जुन्या खेळात एखादा बचावपटू साखळी धरून तीन-चार मिनिटे सर्वांना नाचवायचा, पण गुणफलकावर त्याच्या नावे काहीच चढत नसे. नव्या खेळात त्याच्या टिकण्याला थेट मोल मिळाले. दोन-तीन गुणांच्या उड्यांमुळे शेवटच्या मिनिटापर्यंत सामना कोणाचाही होऊ शकतो. पहिल्या हंगामाचा अंतिम सामना एका गुणाने सुटला यात आश्चर्य नाही.

पण किंमतही मोजावी लागली. खो-खोचे खरे सौंदर्य बंधनात होते. पळणाऱ्याला मागे वळता येत नाही, म्हणून नऊही जणांना एकमेकांच्या मनातले ओळखावे लागे. खो कधी द्यायचा आणि कधी राखायचा, यात सगळा सामना असे. वझिराला मोकळीक मिळाली की एकट्याच्या वेगाला महत्त्व येते आणि बसलेल्यांच्या समजुतीला थोडे कमी. शिवाय मातीवर पाय घसरवून वळण्याची सवय असलेल्या मुलाला मॅटवर बूट पकड घेतो तेव्हा शरीराचा तोल नव्याने शिकावा लागतो. खेड्यातली मुले मातीवर घडतात आणि मोठे सामने मॅटवर होतात. निवडीच्या दिवशी पहिल्यांदाच मॅटवर उभा राहिलेला मुलगा अर्धी बाजी तिथेच हरतो.

मोकळ्या मैदानातला खेळ छताखाली नेण्याचा प्रयोग जगात पूर्वीही झाला आहे, त्यातून काही शिकता येईल. अमेरिकेत जिम फॉस्टर यांनी १९८१ मध्ये बंदिस्त सभागृहातला सॉकरचा सामना पाहता पाहता एका पाकिटावर आराखडा काढला आणि १९८७ मध्ये अरीना फुटबॉल लीग सुरू झाली. अमेरिकन फुटबॉलचे शंभर यार्डांचे मैदान पन्नास यार्डांचे झाले, अकरांऐवजी आठ खेळाडू उतरले, कडेला गादीच्या भिंती आणि टोकांना जाळ्या आल्या. जाळीवर आपटून परत आलेला चेंडूही खेळात धरला गेला. गुणांचा पाऊस पडू लागला, प्रेक्षक आले. या नियमांचे पेटंटसुद्धा घेतले गेले. तिथे खेळलेला कर्ट वॉर्नर पुढे मुख्य लीगमधला नामांकित खेळाडू झाला.

तरीही ही लीग आर्थिक ओझ्याखाली २००९ मध्ये थांबली, २०१० मध्ये पुन्हा उभी राहिली आणि २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली. २०२४ मध्ये याच नावाने झालेला नवा प्रयत्नही अडखळतच चालला. लीग हा शेवटी धंदा आहे. जाहिरातदार आणि संघमालक असतील तोवर तो चालतो. अमेरिकेतला मुलगा त्या काळातही शाळेत आणि महाविद्यालयात मोठ्या मैदानावरचाच फुटबॉल खेळत राहिला, म्हणून लीग बुडाली तरी खेळ बुडाला नाही.

आपल्याकडे हे उदाहरण असे लागू पडते. लीग आज आहे, उद्या तिचा हंगाम पुढे ढकलला जाईल, कदाचित बंदही पडेल. मुलाचे भवितव्य तिच्या एकट्या खुंटीला टांगणे धोक्याचे. पहिल्या हंगामात वरच्या गटातील खेळाडूला ५ लाख आणि खालच्या गटातील खेळाडूला १ लाख रुपये ठरले होते. तीन आठवड्यांच्या खेळासाठी ही रक्कम वाईट नाही, पण तिच्यावर संसार चालत नाही. संसार चालतो तो नोकरीवर. रेल्वे, विमानतळ प्राधिकरण यांचे खो-खो संघ आहेत आणि केंद्र सरकारच्या खेळाडू कोट्यात खो-खोचा समावेश आहे. खेळाडू कोणत्या राज्याकडून खेळला यापेक्षा राष्ट्रीय पातळीवरची कामगिरी आणि तिची प्रमाणपत्रे तिथे मोजली जातात. सीमाभागातील मुलासाठी हा दरवाजा सगळ्यात सरळ आहे.

मुलींची गोष्ट आणखी वेगळी. लीगचे दोन्ही हंगाम फक्त पुरुषांचे झाले. विश्वचषकात मात्र मुलींनी पुरुषांपेक्षा मोठ्या फरकाने अंतिम सामना जिंकला. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही लीग नसताना, शाळा आणि मंडळांच्या बळावर. आपल्या भागातील पालक सातवी-आठवीनंतर मुलीला मैदानातून काढून घेतात ते ‘यात पुढे काय आहे’ म्हणून. त्याचे उत्तर लीगने अजून दिलेले नाही. ते शालेय राष्ट्रीय स्पर्धा, विद्यापीठ संघ आणि नोकरीचा कोटा यांतूनच मिळते.

गौतम आणि चैत्रा यांच्या सवालाकडे पुन्हा पाहिले तर त्यातला कर्नाटक-महाराष्ट्र हा भाग वरवरचा वाटतो. बक्षिसाची रक्कम जिंकल्यानंतर जाहीर होते आणि सरकारच्या त्या वेळच्या मर्जीप्रमाणे कमी-जास्त होते. आशियाई किंवा ऑलिम्पिक पदकाला किती, विश्वचषकाला किती, हे आधीच लिहून ठेवलेले असेल तर खेळाडूला हात पसरावे लागत नाहीत. हे लेखी धोरण मागणे हे बेळगावच्या मराठी पालकाचे आणि म्हैसूरच्या कन्नड पालकाचे सारखेच काम आहे. सीमाप्रश्नाची आपली भूमिका आपल्या जागी आहे. मुलाची दहावी-बारावीची वर्षे तिच्या निकालासाठी थांबत नाहीत.

तेव्हा आपल्या सभासदांनी तीन गोष्टी मनावर घ्याव्यात असे वाटते. पहिली, मुलांची तालुका आणि जिल्हा पातळीवरची प्रमाणपत्रे पहिल्या वर्षापासून जपून ठेवावीत आणि नावाचे स्पेलिंग आधार कार्डाप्रमाणेच आहे ना, हे त्याच दिवशी तपासावे. दुसरी, जिल्ह्याच्या ठिकाणी मॅटवर सरावाची सोय असेल तिथे आठवड्यातून एकदा तरी मुलांना एकत्र नेण्याची व्यवस्था पालकांनी मिळून करावी. एका गाडीत आठ-दहा मुले सहज जातात. तिसरी, संध्याकाळी मातीवरचा खो-खो बंद पडू देऊ नये. वझीर आणि पॉवरप्ले शिकायला काही महिने पुरतात. पाठ वळलेली असताना मागून आलेला खो ओळखून उठायला मात्र अनेक वर्षे मातीत बसावे लागते, आणि ते शिकवणारी पिढी आपल्या गावात अजून आहे.