ओळख देणाऱ्याची सही

बँकेत खातं उघडण्याच्या जुन्या फॉर्मवर एक चौकट असे. 'ओळख देणाऱ्याची सही.' ज्याचं त्या शाखेत आधीपासून खातं आहे अशा माणसाने तिथे सही करायची. नव्या माणसाला मी इतकी वर्षं ओळखतो, तो सांगतो त्याच पत्त्यावर राहतो, एवढाच त्या सहीचा अर्थ. ती सही नमुना सहीशी ताडून पाहायची आणि फॉर्म पुढे सरकवायचा. १९८१ साली मी कारकून म्हणून लागलो आणि २०१९ साली अधिकारी म्हणून निवृत्त झालो. त्या अडतीस वर्षांत अशा किती सह्या पाहिल्या याचा हिशेब नाही. पण त्या सहीचं मोल मला कळलं ते मी दिलेल्या एका नकारामुळे.

२००९ चा पावसाळा होता. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. आमच्या शिपायाला सगळे तात्या म्हणायचे. वयाने माझ्याएवढेच, पण त्या शाखेत माझ्याहून कितीतरी जुने. त्यांचा मुलगा त्याच वर्षी जिल्ह्यातल्या एका कॉलेजातून संगणक अभियंता झाला होता. घराण्यातला पहिला पदवीधर. पेढे आम्ही सगळ्यांनी खाल्ले होते. पण आदल्या वर्षीच्या जागतिक मंदीने आयटी कंपन्यांनी हात आखडता घेतला होता. नेमणुकीची पत्रं हातात असलेली मुलंसुद्धा रुजू व्हायच्या तारखेची वाट पाहत घरी बसली होती. तात्यांच्या मुलाच्या कॉलेजात तर त्या वर्षी एकही कंपनी फिरकली नव्हती.

एका संध्याकाळी रोकड तिजोरीत गेल्यावर तात्या केबिनच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"साहेब, तुमचे भाचे हिंजवडीला आहेत ना? पोराचा बायोडाटा त्यांच्याकडे गेला असता तर..."

मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. या विषयावरचं माझं भाषण कायम तयार असे. मी भरतीची लेखी परीक्षा देऊन, कुणाची चिठ्ठी न नेता बँकेत लागलो याचा मला भारी अभिमान. तो मी तात्यांना ऐकवला. "तात्या, मी आयुष्यात कुणासाठी वशिला लावला नाही. पोरात गुण असतील तर आज ना उद्या लागेलच की."

तात्यांनी मान डोलावली. जाताना म्हणाले, "वशिला नको होता साहेब. कुठं विचारायचं, एवढं कळलं असतं तरी झालं असतं."

दोन वर्षांनी माझी मुलगी पुण्यातून संगणक अभियंता झाली. त्याच सुमारास सांगलीला एका लग्नात माझ्या जुन्या सहकाऱ्याची सून भेटली. तिची माझी ही फार तर तिसरी भेट. पंगतीत बोलता बोलता म्हणाली, "काका, हिचा बायोडाटा मला पाठवा ना. आमच्याकडे टेस्टिंगला माणसं घेताहेत." मी तिचा ई-मेल पत्ता लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून घेतला. पुढे लेखी चाचणी झाली, दोन मुलाखती झाल्या आणि महिन्याभरात मुलीच्या हातात नेमणुकीचं पत्र आलं.

मी शाखेत पेढे वाटले. तात्यांनी कौतुकाने विचारलं, "ताईंना कसं कळलं साहेब, तिथं जागा आहे म्हणून?" मी मोठ्या रंगात येऊन सांगू लागलो, ते सांगलीचं लग्न, ती पंगत, ती पत्रिका. आणि मध्येच माझा आवाज बसला. तात्या शांतपणे ऐकत होते. "लई चांगलं झालं," म्हणाले. अर्धा पेढा तोंडात टाकला, उरलेला कागदात गुंडाळून घरी न्यायला खिशात ठेवला.

त्या रात्री मी स्वतःची बरीच समजूत घातली. मुलीने चाचणी स्वतः दिली, मुलाखतीत मी नव्हतो, त्या सुनेने कुणाला फोन केला नव्हता. म्हणजे हा वशिला नव्हे. हे खरंच होतं. पण मग तात्यांनी मागितलं होतं ते तरी दुसरं काय होतं?

आमच्या पिढीने 'ओळख' आणि 'वशिला' हे दोन शब्द एकाच खुंटीला टांगले, तिथे घोटाळा झाला. बँकेत कर्जाला जामीनदार लागतो. कर्जदाराने हप्ते बुडवले तर पैसे जामीनदाराने भरायचे. ओळख देणारा असली हमी घेत नाही. तो फक्त सांगतो की मी याला ओळखतो. आणि तिसरा एक असतो, वरून फोन करून "आपला माणूस आहे, बघा जरा" म्हणणारा. वशिला म्हणतात तो याला. तो निकाल फिरवतो; ओळख देणारा अर्ज फक्त टेबलापर्यंत पोहोचवतो.

आयटी कंपन्यांत हा पोहोचवण्याचा रस्ता उघड आणि नियमाने बांधलेला आहे. तिथे त्याला रेफरल म्हणतात. कंपनी रिकाम्या जागांची यादी कर्मचाऱ्यांपुढे ठेवते, कर्मचारी आपल्या माहितीतल्या माणसाचा बायोडाटा देतो. ते मूल निवडलं गेलं आणि काही महिने टिकलं, तर बऱ्याच कंपन्या नाव सुचवणाऱ्याला बक्षीसही देतात. बाकी चाचण्या आणि मुलाखती सगळ्यांना सारख्याच. फरक एवढाच, की हजारो अर्जांच्या गठ्ठ्यातून तो एक कागद कुणीतरी उचलून पाहतं. या उद्योगाचा पायाही असाच घातला गेला. १९८१ साली पुण्यात इन्फोसिस सुरू करणारे सातही जण त्याआधी पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्समध्ये एकमेकांचे सहकारी होते. त्यांना एकत्र आणलं ते एकत्र केलेल्या कामाच्या ओळखीने.

यात एक गंमत आहे. कामाला येते ती सख्ख्यांची ओळख नव्हे, जुजबी ओळख. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावात, नुकतीच नोकरी बदललेल्या सुशिक्षित माणसांना गाठून नोकरी कुणामुळे कळली ते विचारलं. १९७३ साली त्याने ते निष्कर्ष छापले. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी वारंवार गाठ पडत होती. ५६ टक्के त्याला अधूनमधून भेटत, तर २८ टक्के क्वचितच. पुढे २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या २ कोटींहून अधिक सभासदांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही नोकरी बदलायला फार जवळच्या नात्यांपेक्षा मध्यमसर पातळ ओळखीच जास्त उपयोगी पडलेल्या दिसल्या, आणि संगणकावर चालणाऱ्या उद्योगांत तर विशेषच.

कारण साधं आहे. माझे जिवलग मित्र सगळे बँकवाले. त्यांना ठाऊक काय, तर बदल्या आणि महागाई भत्ता. ते मला ठाऊकच होतं. नवी बातमी दुसऱ्या आळीतून येते, आणि ती आणणारं माणूस लग्नाच्या पंगतीत एकदाच भेटतं.

पण पंगतीत आपल्या शेजारी कोण बसतं? आमच्या पंगतीत अधिकारी, प्राध्यापक, अभियंते. तात्यांच्या पंगतीत शेतमजूर, हमाल, एखादा एस.टी.चा कंडक्टर. माणसं तितकीच मायाळू, पण त्यांच्यातल्या कुणाचीही सून हिंजवडीला नाही. आपल्याकडे ओळखीसुद्धा जातीच्या, गल्लीच्या, कॉलेजच्या कुंपणात वाढतात. २००७ साली सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतल्या मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो असं सांगणारे हे अधिकारी उमेदवाराच्या घराण्याची चौकशीही महत्त्वाची मानत होते. म्हणजे शिपायाच्या मुलाला टेबलापर्यंत पोहोचायचा रस्ता लांबचा, आणि पोहोचल्यावरही "वडील काय करतात?" हा प्रश्न वाट पाहत बसलेला. अशा वेळी 'मी कुणासाठी शब्द टाकत नाही' हे माझं तत्त्व कुणाला महाग पडतं? ज्यांच्या ओळखी आहेत त्यांना माझी गरजच नसते. माझ्या सोवळेपणाची किंमत तात्यांच्या मुलाने भरली.

बँकेतली ती चौकटही अशीच होती. खातेदाराची ओळख नसलेला मजूर, परगावचा विद्यार्थी, नवरा गेलेली बाई काउंटरवरूनच परत जायची. पुढे केवायसीचे नियम आले, ओळख देणाऱ्याच्या जागी कागदपत्रं आली, आणि २०१४ च्या जनधन योजनेत कोट्यवधी माणसांची खाती निघाली. नोकरीच्या बाबतीत मात्र ती चौकट अजून शाबूत आहे. तेव्हा ज्यांची सही चालते त्यांनी ती करायला शिकलं पाहिजे.

शिकलं पाहिजे म्हणतो, कारण सहीलाही पथ्यं आहेत. ज्याला आपण ओळखत नाही त्याची ओळख देऊ नये. अर्धा तास बोलावं, त्याने काय काम केलंय ते विचारावं, आणि ठाऊक आहे तेवढंच लिहावं. मागणाऱ्या मुलांनीही 'कुठंही चिकटवा' म्हणू नये. तुमच्याकडे काय काम चालतं, माझं काय कमी पडतं, असं विचारावं. या प्रश्नांना उत्तर द्यायला सहसा कुणी नाही म्हणत नाही. गेल्या वर्षी पास झालेले कॉलेजचे विद्यार्थी, भावाच्या खोलीवर राहणारा मुलगा, शाळेतल्या बाईंची पुतणी, अशांपासून सुरुवात करावी. आणि रेफरलसाठी कुणी पैसे मागितले, तर तिथून सरळ उठून यावं.

तात्यांच्या मुलाने पुढची दोन वर्षं अर्ज करण्यात घालवली. नवशिक्यांच्या जाहिरातीत पास झाल्याचं साल दिलेलं असतं. ते साल मागे पडलं की तेही दार लागतं. आज तो तालुक्याच्या दूध संघात संगणक सांभाळतो. बरं चाललंय म्हणतो. मी खोदून विचारत नाही.

गेल्या दिवाळीत त्याचा फोन आला. "साहेब, आमच्या गल्लीतली एक मुलगी आहे. हुशार आहे. ताईंकडे बायोडाटा देता येईल का?" स्वतःसाठी त्याने पुन्हा कधी विचारलं नव्हतं. मी त्या मुलीला फोन करायला सांगितलं. तासभर बोललो. तिने गावच्या पाणीपट्टीचा हिशेब ठेवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता, त्यातल्या चुकाही तिनेच मला सांगितल्या. तेवढंच मी माझ्या मुलीला लिहून पाठवलं. तिच्या कंपनीत त्या पोरीची निवड झाली नाही. पण मुलाखत घेणाऱ्याने तिचं नाव दुसऱ्या एका कंपनीतल्या मित्राला कळवलं, आणि तिथून तिला बोलावणं आलं.

मी दूध संघात फोन करून हे सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग तो म्हणाला, "लई चांगलं झालं, साहेब." आवाज हुबेहूब तात्यांचा.