गळ्यावरची खूण

गेल्या आठवड्यात भिशीहून परत येताना गल्लीतल्या एका वहिनींनी मला ओट्यावर बसवून घेतलं. लेक तेवीस वर्षांची. गळ्यात सुपारीएवढी थायरॉइडची गाठ. सुईच्या तपासणीत निदान पक्कं होईना, म्हणून डॉक्टरांनी एका बाजूची ग्रंथी काढायला सांगितलेली. वहिनींचा प्रश्न मात्र वेगळाच. "ताई, मुंबईला रोबोटनं करतात म्हणे. गळ्यावर खूण राहत नाही. केळीचे पैसे आले की नेऊ का? पुढच्या वर्षी पोरीचं पाहायचं आहे."

बायकांना दवाखान्यात न्यायच्या निमित्ताने मी बरेच डॉक्टर पाहिले. त्यांच्याकडून समजलं ते वहिनींना सांगितलं. रोबोट स्वतःहून काहीच करत नाही. शेजारी बसलेले डॉक्टरच त्याचे हात चालवतात. काखेत चिरा घेऊन कातडीखालून गळ्यापर्यंत वाट करतात. ही पद्धत दक्षिण कोरियात 2007 साली सुरू झाली. आतलं मोठं आणि स्पष्ट दिसतं, आणि गळा कोरा राहतो हे खरंच. पण खूण जात नाही, फक्त काखेत जाते. वाट लांबची, म्हणून वेळ जास्त आणि खर्चही जास्त. छाती काही काळ बधिर राहते, क्वचित हाताच्या नसेला ताण बसतो. अमेरिकेत तर 2011 मध्ये यंत्र बनवणाऱ्या कंपनीनेच या ऑपरेशनचा पाठिंबा काढून घेतला. गाठ फार मोठी असेल किंवा कॅन्सर पसरलेला असेल तर सहसा गळ्यावरूनच करतात.

खरी भीती चिऱ्याची नाहीच. थायरॉइडच्या मागून आवाजाची नस जाते. ती दुखावली तर आवाज बसतो. कॅल्शियम सांभाळणाऱ्या बारीक ग्रंथीही तिथेच चिकटलेल्या. पूर्ण थायरॉइड काढताना त्या दुखावल्या तर बोटांना मुंग्या येतात, गोळ्या घ्याव्या लागतात. हा धोका दोन्ही पद्धतींत आहे. तो कमी होतो सर्जनच्या सवयीने. म्हणून मी म्हटलं, यंत्र कुठलं ते नंतर विचारा. आधी विचारा, "डॉक्टर, अशी ऑपरेशनं तुम्ही स्वतः किती केलीत?" विचारायला आपण उगाच लाजतो. साडी घेताना दहा दुकानं फिरतोच की!

माझ्याही गळ्यावर अशी रेघ आहे, अडीचेक इंचाची. वर्षभरात फिकी झाली, आता काळ्या मण्यांआड शोधावी लागते. हे मी वहिनींना मोठ्या तोऱ्यात दाखवलं. लेक आतून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "मावशी, तुमचं लग्न झालेलं होतं ना तेव्हा?"

मला उत्तर सुचलं नाही. गळ्याची रेघ पाहून स्थळ परत जाणारं असेल तर दोष रेघेचा नाही, हे मला भाषणात सांगता येतं. पण ऐकून घ्यायचं तिला आहे, आणि तिला गळा कोरा हवासा वाटला तर तो नखरा म्हणायचा मला काय अधिकार? कर्ज काढून करू नका, एवढं मी ठाम सांगितलं. मग तिलाच विचारलं, तुला काय वाटतं? तोवर हे कोणी विचारलंच नव्हतं.

ती म्हणाली, "मला आधी आवाज पाहिजे. मी शाळेत शिकवते."

सोमवारी आम्ही तिघी जळगावला डॉक्टरांकडे जाणार आहोत. प्रश्नांचा कागद तिनेच लिहून ठेवलाय.