दोन घटका

कार्तिकी पौर्णिमा झाली, की साधू-साध्वींचे विहार सुरू होतात आणि त्यांच्यामागोमाग घराघरांतले नियमही उंबरठा ओलांडतात. चार महिने रोज उलगडलेले कटासन कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाते, वाळूचे घड्याळ जुन्या कापडात गुंडाळून ठेवले जाते, आणि ‘चातुर्मासात किती बरे वाटत होते’ हे वाक्य लग्नसराईच्या धांदलीत एखाद्या संध्याकाळी सहज उच्चारले जाते. बरे वाटत होते ते कशामुळे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. श्रेय व्याख्यानाला आणि महाराजसाहेबांच्या सान्निध्याला दिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यातला काही वाटा त्या किरकोळ वाटणाऱ्या दिनक्रमाचाही होता, आणि तो दिनक्रम विहाराला निघालेला नसतो. तो घरातच असतो. त्याला कोणी हाक मारीत नाही, इतकेच.

पुण्याच्या मार्केट यार्डातील एखाद्या भुसार व्यापाऱ्याचा आजचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. अंथरुणातून उठण्याआधीच तूरडाळीचे आणि साखरेचे भाव मोबाइलवर आलेले असतात. गाळ्यावर पोहोचल्यावर ट्रक, हमाल, तोलाई, परत आलेला माल, थकलेली उधारी. महिन्याच्या ११ आणि २० तारखा जवळ आल्या, की जीएसटीच्या विवरणपत्रांची घाई. रात्री नऊला शटर खाली येते, पण दुकान बंद होत नाही. ते खिशात बसून घरी येते. एका हातात घास, दुसऱ्या हातात फोन. साडेबाराला दिवा मालवला तरी तालुक्याच्या गावातील त्या एका पार्टीचे तीन महिन्यांचे येणे छतावर लिहिलेले दिसते. पहाटे चारला जाग येते ती पुन्हा त्याच ओळीवर. या गृहस्थाने काही चुकीचे केलेले नाही. त्याच्या दिवसाला शेवट उरलेला नाही, एवढाच त्याचा आजार.

जुन्या पेढीवर दिवसाला शेवट होता. दिवेलागणीच्या सुमारास दिवाणजी रोजमेळ लिहायला बसत. जमा आणि नावे यांच्या बेरजा होत, गल्ल्यातली रोकड मोजली जाई, आणि शिल्लक जुळली की वही मिटे. चार आणे कमी भरले तरी शोध लागेपर्यंत कोणी उठत नसे. पण एकदा वही मिटली, की ती सकाळपर्यंत मिटलेलीच राही. आज पैसे जमा झाल्याचे काउंटरवरचा साउंड बॉक्स ओरडून सांगतो आणि संगणक क्षणोक्षणी शिल्लक दाखवतो. हिशेब पूर्वीपेक्षा कितीतरी अचूक झाला, परंतु ‘आजचे संपले’ असे म्हणण्याचा तो एक क्षण त्या अचूकपणात हरवला.

प्रतिक्रमणाची घडणही त्या रोजमेळासारखीच आहे, हे व्यापारी घरांना वेगळे सांगायला नको. राई, देवसी, पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक असे त्याचे पाच प्रकार. म्हणजे रात्रीचा, दिवसाचा, पंधरवड्याचा, चार महिन्यांचा आणि वर्षाचा हिशेब. पैकी आज बहुतेक घरांत सांवत्सरिक तेवढे उरले आहे. वर्षभर रोजमेळ न लिहिता ३१ मार्चला वही उघडणाऱ्या पेढीची जी अवस्था होईल, तीच मनाची होते. ‘मिच्छामि दुक्कडं’चा संदेश दोनशे जणांना एकाच वेळी जातो, आणि ज्या भावाशी सहा महिने बोलणे बंद आहे, तो त्या दोनशेंत एक होऊन जातो.

सामायिकाची मुदत ठेवली आहे ४८ मिनिटे, म्हणजे एक मुहूर्त. मराठीत तिला दोन घटका म्हणतात, आणि ‘दोन घटका बसा’ असा आग्रह दारात आलेल्या पाहुण्यालाही केला जातो. पाहुण्याला जे अगत्याने दिले जाते, ते घरातल्या माणसाने स्वतःला द्यावे, एवढाच सामायिकाचा व्यवहारी अर्थ घेतला तरी पुष्कळ आहे. ज्या परंपरांत सामायिकाच्या काळात विजेच्या साधनांना स्पर्श वर्ज्य आहे, तेथे तेजस्कायिक जीवांच्या अहिंसेसाठी घातलेल्या मर्यादेमुळे फोनही आपोआप दूर राहतो. मोबाइलपासून अंतर राखण्याचे शहाणपण आज शहरांत शिबिरे भरवून शिकवले जाते. जैन घरात ते आजीच्या कटासनाबरोबर आलेले आहे.

अडचण येते ती पुढे. ‘सामायिकात बसतो, पण मन लागत नाही,’ ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे, की पुष्कळांनी तेवढ्यासाठी बसणेच सोडले. येथे परंपरेची एक बारकाई लक्षात घ्यावी. सामायिकाचे ३२ दोष सांगितले आहेत. त्यांपैकी १० मनाचे, १० वचनाचे आणि १२ कायेचे. मनाच्या दहा दोषांत लाभाची इच्छा आहे, भय आहे, रोष आहे, गर्व आहे, संशय आहे. ही यादी जणू बाजारपेठेत बसूनच केली असावी! म्हणजे बसल्यावर हे सारे येणार, हे ज्यांनी नियम घातले त्यांना पक्के ठाऊक होते. वाळू पडत असताना ‘हा लाभ आला, हे भय आले’ असे नाव घेऊन ओळखणे, हेच त्या ४८ मिनिटांतले काम आहे. नाव मिळालेली चिंता पूर्वीइतकी मोठी राहत नाही. निदान ती दुसऱ्या चिंतेचा वेश घेऊन येत नाही. ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत: नको ते जवळ येणे, हवे ते दुरावणे, वेदना आणि पुढच्या सुखाची लालसा. रात्री साडेबाराला छताकडे पाहणाऱ्या गृहस्थाचे ध्यान उत्तमच लागलेले असते. ते आर्त असते, एवढाच काय तो फरक.

पुणिया श्रावकाची कथा या संदर्भात पुन्हा आठवण्याजोगी आहे. राजा श्रेणिक त्याचे एक सामायिक विकत घ्यायला आला आणि साऱ्या राज्याचे मोलही त्याला पुरले नाही, हा भाग सर्वांच्या तोंडी आहे. दुसरा प्रसंग कमी सांगितला जातो. सूत कातण्यासाठी पुण्या करून त्यावर गुजराण करणाऱ्या या श्रावकाचे चित्त एके दिवशी सामायिकात काही केल्या स्थिर होईना. त्याने दोष दिवसभराच्या दगदगीला दिला नाही, की स्वतःच्या दुबळेपणालाही दिला नाही. उठून त्याने पत्नीला विचारले, ‘आज घरात काही वेगळे आले आहे काय?’ तिने आठवून सांगितले, की वाटेत पडलेली एक गोवरी तिने चुलीसाठी उचलून आणली होती. न विचारता घेतलेली एक गोवरी! ही कथा अदत्तादानाची म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. पण तिच्यात मनाच्या आरोग्याचीही एक रीत दडलेली आहे. अस्वस्थता आली, तर तिला दाबण्याआधी तिचा माग घ्यावा. कधी तो एखाद्या हमालाच्या राहिलेल्या मजुरीपर्यंत जातो, कधी जुन्या मालावर लावलेल्या नव्या चिठ्ठीपर्यंत, कधी सुनेला सर्वांदेखत बोललेल्या एका वाक्यापर्यंत. अशी गोवरी सापडली, तर ती परत करता येते, आणि त्या रात्रीची झोप वेगळी असते. पुष्कळदा काहीच सापडत नाही. तेव्हा चिंता ही केवळ चिंताच आहे, एवढे तरी कळते.

चौविहाराचा मार्ग पोटातून जातो. रात्रीचे जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर असावे, असे डॉक्टर आज सांगतात. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घराला ते अंतर न मागता मिळते. पण हा नियम मोडतो तो श्रद्धा कमी झाली म्हणून नव्हे, तर दुकान नऊला बंद होते म्हणून. आणि जेथे तो अर्धाच पाळला जातो, तेथे त्याचा भार स्वयंपाकघरावर पडतो. सासूबाईंचे सूर्यास्तापूर्वीचे पान, क्लासहून साडेसातला येणाऱ्या मुलाचे दुसरे, यजमानांचे साडेनऊचे तिसरे; आणि ज्या बाईने ही तीन पाने वाढली, तिच्या मनाची शांती कोणत्या नियमात बसते, हे कोणी पाहत नाही. संध्याकाळी सहाला घरून गाळ्यावर डबा गेला, तर एकाच फेरीत दोघांचे काम होते. रोज जमणार नाही. आठवड्यातून तीन दिवस जमले तरी तेवढ्या तीन रात्री ओटा लवकर आवरतो आणि घरात बोलायला माणसे मोकळी सापडतात. सर्वांना जमत नसेल, तर तिविहार आहे, त्याहून लहान पच्चक्खाणेही आहेत. परंपरेने पायऱ्या ठेवल्या आहेत त्या चढण्यासाठी. पहिल्याच पायरीवर उभे राहून स्वतःला अपराधी ठरवण्यासाठी नव्हे.

कायोत्सर्ग त्याहूनही सोपा. श्वेतांबर परंपरेत लोगस्सचा कायोत्सर्ग २५ श्वासोच्छ्वासांचा मानतात. दिगंबर परंपरेत नऊ वेळा णमोकार मंत्र २७ श्वासोच्छ्वासांत होतो. श्वास संथ ठेवला, मिनिटाला सहा इतका, तर हे काम साडेचार मिनिटांत आटोपते. संतापजनक संदेशाला उत्तर टाइप करण्यापूर्वीची साडेचार मिनिटे ही कोणत्याही व्यापाऱ्याला परवडणारी गुंतवणूक आहे.

व्यवहार सोडल्याशिवाय हे साधत नाही, असे म्हणणाऱ्यांनी श्रीमद् राजचंद्रांकडे पाहावे. १८९१ साली बॅरिस्टर होऊन गांधीजी विलायतेहून मुंबईला परतले, तेव्हा त्यांची राजचंद्रांशी भेट झाली. पंचविशीही न ओलांडलेला हा जवाहिऱ्या हिरे-मोत्यांची पारख करी आणि लाखोंचे सौदे करी. गांधीजींनी आत्मकथेत नोंदवले आहे, की त्यांच्याजवळ एखादे धर्मपुस्तक आणि रोजनिशी नेहमी असे, आणि धंद्याचे बोलणे संपताच ते पुस्तक किंवा वही उघडली जाई. त्या वहीतले चिंतन सर्वांच्या आवाक्यातले नाही. ‘संपताच’ हा शब्द मात्र आवाक्यातला आहे. एक सौदा संपल्यावर दुसरा सुरू होण्याआधी त्यांनी मध्ये काहीतरी ठेवले होते. त्याच्याही आधी, १६४१ साली, आग्र्याचे जैन व्यापारी बनारसीदास यांनी ‘अर्धकथानक’ लिहिले. व्यापारात वारंवार खोट खाल्लेला आणि नऊ अपत्ये गमावलेला हा मनुष्य पुस्तकाच्या शेवटी स्वतःचे गुण आणि दोष समोरासमोर मांडतो, तेही फारसा आक्रोश न करता. दुःख कमी झाले म्हणून ते लिहिले गेले, असे नव्हे. लिहिल्यामुळे ते धरता येण्याजोगे झाले असावे.

आता एक अवघड गोष्ट. या सवयी मनाला आधार देतात. मनाच्या आजाराचा त्या उपचार नव्हेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस मन खिन्न राहणे, झोप आणि भूक बिघडणे, आवडत्या कामातही रस न वाटणे, जगणे निरर्थक वाटू लागणे ही डॉक्टरांकडे जाण्याची लक्षणे आहेत. पण समाजात अशा माणसाला पुष्कळदा उत्तर मिळते, ‘कर्माचा उदय आहे, सामायिक वाढवा.’ हे उत्तर देणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि परिणाम वाईट. ताप हाही असातावेदनीय कर्माचाच उदय मानतात. म्हणून तापाच्या रुग्णाला कोणी औषधावाचून ठेवत नाही. हृदयात झडप बसवलेला आजोबा कर्मसिद्धांताच्या विरुद्ध गेला, असेही कोणी म्हणत नाही. तोच न्याय मनाच्या रुग्णाला मिळत नाही, यामागे तत्त्वज्ञान नसून भीती आहे. बाजारात पत जाईल, मुलीच्या स्थळाला अडचण येईल, ही ती भीती. तिच्यापायी कित्येक घरे औषधाची चिठ्ठी शेजारच्या दुकानाऐवजी तीन पेठा ओलांडून दुसऱ्या दुकानात नेतात. आणि कित्येक घरांत चिठ्ठीच लिहिली जात नाही. प्रत्यक्ष जाण्याचा संकोच असेल, तर ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, मराठीतूनही बोलता येते.

असे बोलणे बहुधा घरातल्या तरुणाला सुरू करावे लागते, कारण वडील ते करणार नाहीत. सर्वांच्या पंगतीत ते निघू नये. तेथे ‘मला काय झालंय?’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. गाळ्याचे शटर ओढल्यावर, कुलूप लावताना, गाडीपर्यंत चालत जाण्याच्या त्या शंभर पावलांत मुलाने विचारावे, ‘पप्पा, रात्री झोप लागते का?’ बहुतेक वडील पहिल्या दिवशी ‘लागते की’ म्हणतात. चौथ्या-पाचव्या दिवशी ते कुलपाची किल्ली हातात तशीच धरून थोडे थांबतात.